चाचणीपुरती आई

संस्थांमधले लोक तिला तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘वहीबाई’. दोन्ही नावं तिच्या कानावर होती आणि त्यातलं दुसरं जास्त खरं आहे, असं तिचं मत होतं. धंदा सॉफ्टवेअरचा. तोही अशा मंडळींसाठी, ज्यांच्याकडे सॉफ्टवेअर घ्यायची ऐपत नसते, कॉम्प्युटर ठेवायला धड टेबल नसतं, आणि तो चालवणारं जे एकमेव माणूस असतं त्याला परवाच मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली असते. रक्तदात्यांची यादी ठेवणारे, भटक्या कुत्र्यांना घरं शोधून देणारे, मुलांना खेळणी वापरायला देऊन ती परत येतील अशी आशा धरणारे. जगाचं भलं करायला निघालेल्या माणसांना कालचा कागद आज सापडत नाही, या एका गोष्टीवर तिचं पोट होतं.

ऑफिस नव्हतं. खांद्यावरची पिशवी हेच ऑफिस. त्यात लॅपटॉप, पाच मीटरची एक्स्टेन्शन कॉर्ड, स्क्रू-ड्रायव्हर आणि स्वतःचा कप. कॉर्ड अशासाठी की समाजसेवेचं टेबल आणि विजेचा सॉकेट हे नेहमी खोलीच्या दोन टोकांना असतात. स्क्रू-ड्रायव्हर अशासाठी की पाहुण्यांना द्यायची जी खुर्ची असते तिचा एक पाय हमखास ढिला असतो, आणि पहिल्या दिवशी सल्लागार हा पाहुणाच धरला जातो.

याआधी अकरा वर्षं ती एका मोठ्या कंपनीत होती. तिथे तिच्याकडे एकच बटण होतं: ‘सभासदत्व बंद करा.’ ते कुणाला सापडणार नाही अशा जागी ठेवायचं, हे तिचं काम. काम ती उत्तम करायची. दोनदा बढती मिळाली. मग एका रविवारी तिला स्वतःचंच सभासदत्व बंद करायचं झालं. चाळीस मिनिटं शोधूनही बटण सापडलं नाही. आपण कामात किती तरबेज झालो आहोत हे लक्षात येऊन तिला घाम फुटला. सोमवारी तिने राजीनामा दिला. तो कुठे द्यायचा हे मात्र लगेच सापडलं.

त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिने एक शोध लावला होता, ज्याबद्दल तिला कुणी पदक दिलं नाही. प्रत्येक संस्थेत एक कॉम्प्युटर असतो, पाहुण्यांना दाखवायला. आणि एक वही असते, जिच्यावर संस्था चालते. म्हणून पहिल्या दिवशी ती लॅपटॉप उघडतच नसे. कोपऱ्यात बसायची, चहा प्यायची, फोनवर कोण काय बोलतं ते ऐकायची, आणि चारच्या सुमाराला अगदी सहज विचारायची, “वही कुठे आहे?”

“कसली वही? आमचं सगळं कॉम्प्युटरवर आहे.”

असं म्हणताना माणूस ज्या खणाकडे बघायचा, त्या खणात वही असायची.

तिची दुसरी सवय म्हणजे तिची आई.

नवीन यादी तयार झाली की ती चालते का हे बघायला खोट्या नोंदी भराव्या लागतात. बाकीचे लोक ‘अबक’ असं काहीतरी टाकून मोकळे होतात. ही आपल्या आईची नोंद भरायची. त्यात भावनेचा भाग कमी आणि सोयीचा जास्त होता. आईचं नाव लांबलचक, त्यात तीन जोडाक्षरं. फोन नंबर पाठ. आणि पत्ता असा की त्याने भलीभली सॉफ्टवेअर आडवी केली होती: घर क्रमांक, इमारत, मागचा जिना, चौथा मजला, डावीकडचं दार, बेल बिघडली आहे, वाजवू नये, ठोकावे. हा पत्ता ज्या चौकटीत मावला त्या चौकटीत कुणाचाही मावेल, असा तिचा अनुभव होता.

अशा रीतीने आईने एकोणीस वर्षांत सव्वीस वेळा रक्तदान केलं, शेकडो झाडं लावली, चौदा वर्षांखालच्या फुटबॉल संघात डावीकडून खेळली आणि बारा कुत्रे दत्तक घेतले. काम संपलं की ही सगळी पुण्याई एका झटक्यात पुसून टाकायची. एकदाच एक कुत्रा पुसायचा राहिला, आणि संस्थेचं पत्र थेट आईच्या दारात गेलं: आपण नेलेला कुत्रा आता कसा आहे? आईने उलट टपाली कळवलं होतं, ‘कुत्रा मजेत आहे. मुलगी कधीमधी येते.’

आई त्याच शहरात, दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागेल अशा अंतरावर एकटी राहत होती. वय एक्याऐंशी. गुडघे कुरकुरत, आई नाही. मुलगी पंधरा दिवसांतून एकदा जायची, बल्ब बदलायची, औषधांच्या तारखा बघायची. खिडकीजवळच्या स्टुलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला असे. त्याला फडकं लावायची परवानगी नव्हती. “सोंगट्या हलतील,” आई म्हणायची. बिचारी एकटीच दोन्ही बाजूंनी खेळते, असं मुलीला वाटायचं आणि वाईट वाटायचं. पण पुढच्या बसची वेळ झालेली असायची.

त्या वर्षी तिच्याकडे आलेली संस्था सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. खालची बेल बंद, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस जिन्यावरून हाक मारत वर यायचा. संस्थेचं काम सांगायला एक वाक्य पुरे: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रविवार सोडून रोज सकाळी फोन करून विचारायचं, “बरं आहे ना?” दोनदा फोन लावूनही कुणी उचलला नाही, तर ज्याच्याकडे किल्ली आहे त्या शेजाऱ्याला वर पाठवायचं. एकशे बेचाळीस म्हातारी माणसं आणि तीसेक फोन करणारे. फोन करणारेही बहुतेक निवृत्तच. काहींचं वय फोन घेणाऱ्यांपेक्षा जास्त होतं, पण ते तसं मानत नव्हते.

हे सगळं चालायचं ऑफिस सांभाळणाऱ्या काकूंच्या वहीवर. वही या वेळी लगेच सापडली, कारण काकूंनी ती लपवलीच नव्हती. कडेवर पोर घ्यावं तशी ती त्यांच्या बगलेत असायची. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने बारीक शेरा. ‘मोठ्याने बोलावे.’ ‘मांजराची चौकशी करावी.’ ‘हवामान काढू नये, थांबत नाहीत.’ आणि कुणी वारलं की नाव खोडायचं नाही. नावाखाली पेन्सिलीची एक हलकी रेघ मारायची. मग काकू स्वतः, बसने, त्या माणसाला रोज फोन करणाऱ्याच्या घरी जायच्या आणि समोर बसून सांगायच्या. फोनवर कधीच नाही. गेलेल्या माणसाच्या नंबरवर पुन्हा फोन करायचा नाही, घरच्यांना त्रास होतो, हाही नियम होता.

“तुमच्या मशीनला रेघ मारता येते का?” काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“येईल,” वहीबाई म्हणाली.

“आणि बसने जाता येतं का?”

“नाही. ते तुम्हालाच.”

“मग ठीक आहे,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी वही टेबलावर ठेवली. अध्यक्ष नंतर म्हणाले की हे त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

दोन महिने काम चाललं. नावं काकूंनीच टाइप केली, दोन बोटांनी. वहीबाईने एकही नाव वाचलं नाही. ती तिची तिसरी सवय. कोण एकटं आहे, कुणाचा मुलगा बोलत नाही, हे जाणून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपण फक्त आकडे मोजायचे. तसा एक करारच तिने स्वतः लिहिला होता: ‘यादीतली माहिती मी यादीबाहेर सांगणार नाही, वापरणार नाही.’ त्यावर तिची सही, काकूंची सही, अध्यक्षांची सही आणि फोन करणाऱ्या तीसही जणांची सही. जुन्या कागदी याद्यासुद्धा तिने सगळ्यांकडून परत मागवून फाडायला लावल्या. आता रोज सकाळी सात वाजता ज्याची त्याची यादी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर जाणार होती.

शनिवारी दुपारी तिने सगळं मोजलं. एकशे बेचाळीस खरे आणि सात चाचणीचे, एकूण एकशे एकोणपन्नास. बरोबर. मग नेहमीप्रमाणे आईचं नाव शोधलं, सगळ्या नोंदी निवडल्या आणि पुसून टाकल्या. पडद्यावर ‘आठ नोंदी पुसल्या’ असं आलं. क्षणभर तिच्या मनात आलं, सात होत्या ना? मग वाटलं, एखादी जास्त भरली असेल. आईच ती, कुठेही जास्तच भरते. पुसल्यानंतर पुन्हा मोजायचं असतं, हे ती नवशिक्यांना फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून शिकवायची. त्या दिवशी तिने मोजलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनी केक कापला, आणि ती घरी गेली.

सोमवारी सगळं सुरळीत झालं. मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तिचा स्वतःचाच फोन वाजला.

“आज मंगळवार ना गं?” आई.

“हो. का?”

“काही नाही. खात्री केली.”

बुधवारी पुन्हा आठ-दहा. “तुझ्याकडे ऊन आहे का?”

“आई, एकाच शहरात आहोत आपण.”

“ते आहेच. पण तुझी खिडकी पूर्वेला ना.”

आई कधी कामाशिवाय फोन करत नसे, आणि तिचं काम क्वचितच निघे. गुरुवारी आठ-दहाला मुलगी फोनची वाटच बघत बसली होती.

“आई, बरं नाही का तुला?”

“मला काय धाड भरलीय! माझ्या ओळखीचे एक गृहस्थ गेले बहुतेक.”

“कोण?”

“तू नाही ओळखत.”

“बहुतेक म्हणजे? गेले की नाही?”

“विचारलं नाही मी.”

“अगं मग विचार ना!”

“विचारलं की नक्की होतं,” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला संस्थेच्या जिन्यावर पावलं वाजली. हाक न मारता वर आलेला संस्थेच्या इतिहासातला हा पहिलाच माणूस. काळा कोट, इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट. हे घड्याळकाका. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, दुकान बंद करून सहा वर्षं झालेली. संस्थेत त्यांची ख्याती अशी की त्यांच्या फोनवर लोक आपापली घड्याळं लावून घेत.

ते येऊन काकूंच्या समोर बसले. वहीबाई कोपऱ्यात लॅपटॉपशी होती.

“काकू,” ते म्हणाले, “चार दिवस वाट बघतोय मी. रोज हा कोट घालून. तुम्ही आलाच नाहीत.”

“मी? कशाला?”

“सांगायला. माझ्या यादीतून त्या गेल्या ना. सहा नावं होती, सोमवारी पाचच आली. मी समजलो काय ते. म्हटलं, काकू येतील. चहाचं आधणसुद्धा ठेवायचो.” त्यांनी रुमाल काढला, डोळ्यांना न लावता घडी करून पुन्हा ठेवला. “आता यंत्र आलंय, तर सांगायला येणं बंद झालं असेल. ते एक वेळ समजू शकतो. पण मला फक्त इतकंच विचारायचंय, कशाने गेल्या? शनिवारी तर त्यांनी माझा घोडा मारला!”

काकूंचा चेहरा उतरला. “अहो, कुणीसुद्धा गेलेलं नाही! या महिन्यात एकही रेघ नाही माझी.” आणि अध्यक्ष बघत असतानाच त्यांनी खणातून वही काढली. ती नव्या व्यवस्थेत अडगळीत जायची होती. ती गेलेली नव्हती हे सगळ्यांनी पाहिलं. काकूंनी पान उलटलं, बोट फिरवलं. “या बघा. रेघ नाही. मागचा जिना, चौथा मजला, डावीकडचं दार, बेल बिघडली आहे, वाजवू नये, ठोकावे.”

कोपऱ्यात वहीबाईच्या हातातला कप तसाच राहिला.

वर्षानुवर्षं ती हे वाक्य टाइप करत आली होती. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते ती पहिल्यांदा ऐकत होती.

“ती नोंद,” ती म्हणाली, “मी पुसली.”

“पुसली?” काकू.

“चाचणीची समजून.”

“चाचणीची? अहो मॅडम, चांगल्या जित्याजागत्या बाई आहेत त्या! चार वर्षं आहेत आपल्याकडे!”

“माहीत आहे. म्हणजे चार वर्षं माहीत नव्हतं.” तिने कप खाली ठेवला. “माझी आई आहे ती.”

खाली दुकानात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. मग काकूंच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

“तरीच! मी त्यांचं नाव टाइप करायला घेतलं तर आधीच आत होतं. एकदा नाही, सात-सातदा! म्हटलं, हुशार आहे मशीन, आपोआप ओळखलं.”

“मग तुम्ही पुन्हा टाइप केलंत?”

“केलं की. मशीनवर कोण विश्वास ठेवतो?”

अध्यक्षांनी घसा साफ केला. ते सज्जन गृहस्थ होते आणि वाईट बोलायच्या आधी नेहमी घसा साफ करत. “मॅडम, गैरसमज नसावा. पण आज चार दिवस एक बाई यादीत नव्हत्या. समजा, त्या पडल्या असत्या. मला वाटतं, आपण पुन्हा वहीवरच…”

“बरोबर आहे तुमचं,” वहीबाई म्हणाली. स्वतःची बाजू मांडायला तिच्याकडे बरंच काही होतं. शनिवारी पुसण्याआधी घेतलेली सगळ्या यादीची प्रत होती, दोन महिन्यांचं काम होतं, तेहतीस सह्या होत्या. त्यातलं तिला काहीच आठवलं नाही. सोमवारी आठ-दहाला आई फोनकडे बघत बसली असणार आणि मंगळवारपासून त्याच वेळी तिने मुलीचा नंबर फिरवला, तेवढं दिसत होतं. “नोंद मी आत्ता परत आणते. त्यानंतर वही ठेवायची की मशीन ते तुम्ही ठरवा.”

प्रतीतून नोंद काढायला सहा मिनिटं लागली. ती नीट आली की नाही हे बघायचं तर वाचणं भाग होतं. तिने अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी मान हलवली, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा एका खऱ्या माणसाची नोंद वाचली. नाव बरोबर. पत्ता बरोबर, पूर्ण मावलेला. शेऱ्याच्या जागी काकूंनी वहीतून जसंच्या तसं उतरवलेलं: ‘मुलगी गावातच आहे, गुणी आहे, कामात असते. तिला कळवू नये. कळलं तर रोज स्वतः फोन करायला लागेल आणि खेळाचा विचका होईल.’

तिने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तिला रडू येईल असं वाटलं होतं. दुसऱ्यांदा हसू आलं, आणि ते आवरेना. काकूंनी घाबरून तिला पाणी दिलं.

घड्याळकाका तोवर तिच्याकडे टक लावून बघत होते. “म्हणजे ती कॉम्प्युटरवाली मुलगी तुम्ही?”

“काय सांगते ती माझ्याबद्दल?”

“ते नाही सांगता येणार.”

“अहो काका, मुलगी आहे मी तिची!”

“असाल. पण सही केलीय मी. तुम्हीच तर कागद दिला होता.” आणि त्यांनी कोटाच्या खिशातून त्याची चार घड्या घातलेली प्रत काढून दाखवली. तिच्या एकोणीस वर्षांच्या धंद्यात तिचा कागद इतक्या निष्ठेने कुणी पाळला नव्हता.

“आता तरी फोन लावा की!” काकू म्हणाल्या. “बिचाऱ्यांना वाटत असेल, तुम्हीच गेलात.”

“मी?” घड्याळकाकांना हे सुचलंच नव्हतं. आपण मेलो असू, या कल्पनेने त्यांचा चेहरा उजळला. “त्यांना वाईट वाटलं असेल, नाही?” मग त्यांनी मनगटाकडे बघितलं. “पण आत्ता नाही उचलणार. गुरुवारी अकराला केस धुतात. मग खाली बाकावर उन्हात बसतात, जेवतात, झोपतात. चारला शेजारीण येते, ती सातपर्यंत हलत नाही. तिच्यासमोर खेळाचं बोलत नाहीत. आणि भलत्या वेळी फोन आला की त्यांच्या छातीत धस्स होतं. उद्या. आठ-दहाला.”

वहीबाईला यातलं काहीही माहीत नव्हतं. आईला शेजारीण आहे एवढंच माहीत होतं.

बाहेर पडल्यावर ती बसस्टॉपपर्यंत गेली आणि अडली. आईला एक फोन केला असता तर प्रश्न मिटत होता: ‘अगं, ते जिवंत आहेत.’ पण हे तिला कळलं कुठून? यादीतून. यादीतलं यादीबाहेर सांगायचं नाही. खाली सही तिचीच. आणि शेऱ्यातही स्वच्छ लिहिलेलं, तिला कळवू नये. ज्या बाईला तिने चुकून पुसलं होतं, तिचं निदान एवढं तरी ऐकायला हवं होतं. बराच वेळ उभी राहून ती विजेच्या सामानाच्या दुकानात शिरली आणि तिने एक बेल घेतली. आईची बेल नऊ वर्षं बिघडलेली होती, हे जगातल्या निदान सव्वीस संस्थांना माहीत होतं. त्यावर काही करायला हवं, हे एकाही सॉफ्टवेअरने सुचवलं नव्हतं.

शुक्रवारी पावणेआठला तिने आईचं दार ठोकलं.

“तू? आज? कोण गेलं?” आई.

“कुणी नाही. बेल बसवायला आले.”

“नऊ वर्षांनी?”

“वेळ मिळाला.”

आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चहा टाकला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. पट मांडलेलाच होता. पटाच्या कडेला मारलेल्या सोंगट्या रांगेत उभ्या होत्या. त्यांत एक काळा घोडा पुढे. आईने केस नीट विंचरले नव्हते, हे मुलीला दिसलं. आठ वाजले. आठ-पाच झाले. मुलीने स्क्रू-ड्रायव्हर काढला, परत ठेवला, परत काढला.

“तुला बसवता येते ना बेल?” आई.

“येते.”

“मग माझ्याकडे काय बघतेस?”

आठ-दहाला फोन वाजला.

आई हलली नाही. दुसरी घंटी. तिने मुलीकडे बघितलं, जणू फोन मुलीनेच वाजवला. तिसऱ्या घंटीला तिने रिसीव्हर उचलला, पण कानाला लावायला आणखी थोडा वेळ घेतला.

“कोण?”

पलीकडून काहीतरी बोललं गेलं. आईचा दुसरा हात आपोआप केसांकडे गेला.

“तुम्ही आहात?” ती म्हणाली. मग जरा जोरात, “अहो, आहात तर मग होतात कुठे? मी इकडे तुमचे दिवस घालायला निघाले होते!” मग ऐकलं. “मी? मी कशी जाईन? तुमचा वजीर घेतल्याशिवाय?” आणि ती हसायला लागली. असं हसणं मुलीने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. ऐकलं असेल तर तेव्हा बसची वेळ झाली असावी. हसता हसता आईच्या लक्षात आलं की घरात माणूस आहे. तिने रिसीव्हरवर हात ठेवला.

“तू जरा बाहेर जा बघू. बेल बाहेरच असते ना?”

“कोण आहे गं?”

“रॉंग नंबर.”

मुलगी बाहेर गेली. आईने दार लोटून घेतलं. जिन्यात सकाळचं ऊन आलं होतं. तिने जुनी बेल उघडली, आतून नऊ वर्षांची धूळ आणि एक मेलेली माशी निघाली. तारा सोलल्या, स्क्रू फिरवले. दारातून एका बाजूचं संभाषण येत होतं.

“उंट? कुठला उंट? … असं होय! म्हणजे रविवारभर बसून हे काढलंत? … थांबा, थांबा. घाई करू नका, चार दिवस मेला होतात, आणखी दोन मिनिटं मरा.”

मग बराच वेळ काहीच नाही. मुलीच्या हातात फक्त झाकण लावायचं राहिलं होतं. ते लावलं, आणि काम झालं की तपासायचं, या एकोणीस वर्षांच्या सवयीने तिने बटण दाबलं. बेल खणखणीत वाजली. चौथा मजला दणाणला.

“कोण तडमडलं ते?” आतून आई ओरडली. “नंतर या! माझी खेळी चालू आहे!”

वहीबाई जिन्याच्या पायरीवर बसली. आईला भेटायला तिने इतकी वाट कधीच बघितली नव्हती. आतली खेळी वीस मिनिटं चालली, आणि शेवटी दाराच्या पलीकडून मोठ्या समाधानाने एक शब्द आला, “शह!”

दार उघडल्यावर ती म्हणाली, “बराच बोलका रॉंग नंबर होता.”

“हो ना,” आई म्हणाली. “चहा गार झाला असेल, पुन्हा कर. आणि बेल जरा जास्तच मोठी आहे.”

संस्थेत शेवटी मशीन राहिलं आणि वहीही राहिली. अध्यक्षांनी घसा साफ करून तसं जाहीर केलं. वहीबाईने मशीनमध्ये एक गोष्ट बदलली. आता कुठलंही नाव काकूंनी स्वतः रेघ मारल्याशिवाय यादीतून हलत नाही, आणि रेघ मारली की पडद्यावर काकूंसाठी एकच ओळ येते: ‘बसने जाऊन या.’ चाचणीला ती आता स्वतःचं नाव घालते. एका संस्थेत या महिन्यात तिने दोन कुत्रे नेले.

पंधरा दिवसांनी काकूंनी तिला जिन्यातच गाठलं. आईने संस्थेला काही कळवलं नव्हतं, म्हणून यादीतल्या पत्त्यात वहीबाईने बेल अजून बिघडलेलीच ठेवली होती.

“तुमच्या… म्हणजे त्या बाईंचा फोन आला होता,” काकू म्हणाल्या. त्यांनी सहीची आठवण ठेवून आवाज खाली आणला. “पत्त्यात दुरुस्ती करायचीय. बेल चालू झाली म्हणाल्या. ठोकू नये, वाजवावे.”

“बरं. करते.”

“कुणी बसवली विचारलं मी. म्हणाल्या, ओळखीतली एक आहे, बऱ्यापैकी काम करते, पण आठ-दहाला यायची सवय मोडायला हवी.” काकूंनी खालच्या दाराकडे, बंद पडलेल्या बेलकडे बघितलं. “मी म्हणत होते, मॅडम, त्या बेल बसवणाऱ्या बाई आपल्याकडे येतील का?”

वहीबाईने पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला.